काळ्या मातीचा इलेक्ट्रोड

पिण्याच्या पाण्यात शिसं किती चालेल, तर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० मध्ये (२०१२ची आवृत्ती) तसं लिहिलेलं आहे. म्हणजे दहा मायक्रोग्रॅम. एवढं कमी शिसं मोजायचं तर आयसीपी-एमएस, म्हणजे धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारं यंत्र, जिथे आहे त्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा, पैसे भरायचे आणि वाट बघत बसायचं. मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते. आमच्या लॅबमध्ये ते यंत्र या जन्मात येणार नाही. पीएच.डी. बरीच उशिरा हाती घेतली, तेव्हा अट एकच होती, की जे करेन ते उद्या माझ्या मुलांनाही करता आलं पाहिजे. गाईड सर वयाने माझ्याहून लहान आहेत. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही परभणीच्या ना? मग मातीवरच करा की काम."

म्हणजे मातीचा इलेक्ट्रोड (द्रावणात बुडवून वीज पोचवणारं टोक) करायचा आणि त्याने शिसं मोजायचं. मातीच्या इलेक्ट्रोडची कल्पना जुनी आहे. ग्रॅफाइटची भुकटी तेलात कालवून कार्बन पेस्टचा इलेक्ट्रोड करण्याची युक्ती राल्फ ॲडम्स यांची, १९५८ सालची. इलेक्ट्रोडवर चिकणमातीचा थर देण्याचं काम टेक्सास विद्यापीठातल्या पुष्पितो घोष आणि ॲलन बार्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. यातले घोष पुढे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचे संचालक झाले. या दोन गोष्टी एकत्र केल्या, म्हणजे पेस्टमध्येच माती मिसळली, की माझा इलेक्ट्रोड तयार. कागदावर तरी.

माती कशाला, हे मला प्रत्येक सेमिनारमध्ये विचारलं गेलं. आपल्या काळ्या जमिनीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात, मॉन्टमोरिलोनाइट त्यातलंच. त्याची रचना वहीच्या पानांसारखी, एकावर एक पातळ थर. थरांमध्ये ॲल्युमिनियमच्या काही जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. तीन धन भारांच्या जागी दोनच आले, म्हणून थरावर ऋण भार शिल्लक राहतो आणि तो भागवायला दोन थरांच्या मध्ये सोडियम नाहीतर कॅल्शियम येऊन बसतं. ही मंडळी तिथे सैलच बसलेली असतात. पाण्यातून शिसं आलं की सोडियम उठतं आणि शिसं ती जागा धरतं. म्हणजे पाण्यात विखुरलेलं शिसं इलेक्ट्रोडच्या तोंडाशी गोळा करायचं काम माती फुकटात करते. मग वीज लावून ते मोजायचं.

आम्ही एम.एस्सी.ला असताना हे पाऱ्याच्या थेंबावर शिकलो. नळीतून पारा थेंबाथेंबाने पडायचा, प्रत्येक थेंबाला नवा कोरा पृष्ठभाग. पाऱ्याचं विष नको म्हणून ती उपकरणं कपाटात गेली ते बरंच झालं, पण खरं सांगायचं तर त्या कोऱ्या पृष्ठभागाची आठवण मला या कामात रोज आली. घन इलेक्ट्रोडवर तसा पृष्ठभाग दर वेळी हाताने करावा लागतो.

माती आणली काकांच्या शेतातून, उन्हाळ्यात, जमीन भेगाळलेली असताना. वरची माती घेऊन चालत नाही. तिच्यात खत, काडीकचरा, फवारणीचं काय काय असतं. नांगरटीच्या खाली, दीड-दोन हात खणून घेतली. काका बांधावर उभे. "एवढ्या ढेकळांचं करतीस काय पण?" मी सांगितलं, पाण्यातलं शिसं शोधायचंय. त्यावर ते म्हणाले, "मग पाणी ने की, माती कशाला?" हा प्रश्न सेमिनारमधल्या प्रश्नांपेक्षा सरळ होता.

आणलेली माती तशीच पेस्टमध्ये घालता येत नाही. सगळ्यात आधी चुनखडी काढायची. आमच्याकडच्या काळ्या मातीत पांढरे खडे असतातच आणि चाळून ते सगळे जात नाहीत. ॲसिडचा थेंब टाकला की माती फसफसते. जोरदार ॲसिड ओतून मोकळं व्हावंसं वाटतं, पण ते मातीच्या थरांच्या कडाही खातं. म्हणून पीएच ५चा ॲसिटेट बफर (आंबटपणा एका पातळीवर धरून ठेवणारं द्रावण) घालून, मंद गरम करत, फसफस थांबेपर्यंत ढवळायचं. मग सेंद्रिय पदार्थ घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड. हे थोडं थोडंच घालायचं आणि बीकर चांगलं मोठं घ्यायचं, कारण फेस धरून सगळं वर येतं. आमच्या लॅबचे मामा लांबूनच ओरडले, "मॅडम, दूध उतू चाललंय!" पेरॉक्साइडनंतर मातीचा काळेपणा बराच उतरतो आणि राखाडी-तपकिरी चिखल उरतो.

यानंतर मिठाची पाळी. एक मोलर सोडियम क्लोराइडमध्ये माती रात्रभर ढवळायची, पाणी काढायचं, पुन्हा ताजं द्रावण, असं काही वेळा. थरांमधलं कॅल्शियम जाऊन सगळीकडे सोडियम बसावं, हा हेतू. मग जास्तीचं मीठ धुऊन काढायचं. इथे मातीने मला एक गोष्ट दाखवली, जी शोधनिबंधांत एका ओळीत उरकलेली असते. मीठ भरपूर असतं तोवर माती शहाण्यासारखी तळाशी बसते, सेंट्रिफ्यूजमधून वरचं पाणी नितळ निघतं. धुणं जसजसं पुरं होत येतं तसतशी ती बसेनाशी होते. वरचं पाणी गढूळच. शेवटी शेवटी तर पाणी ओतून द्यायला गेलं की निम्मी माती त्याच्याबरोबर चाललेली. मीठ संपत आल्याची खूण तीच. खात्रीसाठी वरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. दुधाळ झालं नाही तर क्लोराइड गेलं.

बसत नाही म्हणून वैताग येतो, पण बारीक माती वेगळी करायला हीच अवस्था लागते. दोन मायक्रॉनपेक्षा बारीक कण हवेत. ते मोजता येत नाहीत, पण किती वेगाने खाली जातात हे स्टोक्सच्या नियमावरून काढता येतं. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला पावणेआठ तास घेतो. पुस्तकात हाच आकडा असतो, पण तो थंड देशातला. आमच्या लॅबमध्ये उन्हाळ्यात पाणीच ३५ अंशांवर, पातळ झालेलं, त्यामुळे साडेपाच तास पुरतात. तेवढा वेळ उंच भांडं हलवायचं नाही, मग वरचं दहा सेंटिमीटर पाणी नळीने ओढून घ्यायचं. त्यात जे तरंगतंय तेच आपलं. ६० अंशांवर वाळवायचं. वाळल्यावर त्याचे टणक पापुद्रे होतात आणि ॲगेटच्या खलात ते कुटताना मनगट भरून येतं. बादलीभर खटाटोपातून एक छोटी बाटली भरली.

'स्वस्त, सहज उपलब्ध नैसर्गिक माती' असं वाक्य या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक निबंधात पहिल्या परिच्छेदात येतं. माझ्याही आलं. माती फुकट आहे हे खरं. त्या बाटलीतली माती फुकट नाही. तिच्यात मजुरी आहे, डिस्टिल्ड पाणी आहे, सेंट्रिफ्यूजचं वीजबिल आहे. विकतचं शुद्ध मॉन्टमोरिलोनाइट आणलं असतं तर हे सगळं वाचलं असतं. तरी आपलीच माती का वापरली, तर ती एकदा नीट ओळखली की संपत नाही, आणि पुढच्या मुलाला ऑर्डर मंजूर होण्याची वाट बघावी लागत नाही.

ओळखायची कशी? एक्स-रे डिफ्रॅक्शनसाठी नमुना बाहेर पाठवला. क्ष-किरण कोणत्या कोनात परततात त्यावरून थरांमधलं अंतर काढायची ही चाचणी. सोडियमवाल्या मातीचा पीक (आलेखातलं उंच टोक) ७ अंशांच्या आसपास आला, म्हणजे थरांमधलं अंतर साडेबारा अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). एथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवल्यावर तेच अंतर १७वर गेलं. फुगते ती स्मेक्टाइट, हा खुलासा पुरेसा होता. केओलिनाइट, म्हणजे न फुगणारं दुसरं मातीचं खनिज, असतं तर ७ अँगस्ट्रॉमच्या आसपास ढिम्म राहिलं असतं. गंमत म्हणजे पावसाळ्यात तीच बाटली पुन्हा तपासली तर पीक डावीकडे सरकलेला. हवेतला दमटपणा पिऊन माती आपली आपणच फुगली होती. तेव्हापासून बाटली सिलिका जेलबरोबर बंद डब्यात.

पण मला आवडली ती चाचणी साधी, मेथिलीन ब्लूची. मुलांना दाखवायला हीच घेते. मातीच्या पाण्यात मेथिलीन ब्लूचं द्रावण ब्युरेटने थोडं थोडं सोडायचं, ढवळायचं आणि काचेच्या कांडीने एक थेंब फिल्टर पेपरवर ठेवायचा. मधे गडद निळा ठिपका, भोवती ओलं वर्तुळ. ते वर्तुळ स्वच्छ, बिनरंगी असेल तर सगळा रंग मातीने धरलेला आहे. आणखी सोडायचं, आणखी एक ठिपका. कागदावर ठिपक्यांची रांग लागते. मग एका ठिपक्याभोवती फिकट आकाशी कडा दिसते. दोन मिनिटं ढवळून पुन्हा ठिपका ठेवायचा. कडा टिकली तर मातीच्या जागा भरल्या. किती रंग लागला त्यावरून धन आयन धरायची क्षमता निघते. मॉन्टमोरिलोनाइटची ही क्षमता शंभर ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (किती भार धरला ते सांगणारं एकक) असते, केओलिनाइटची ३ ते १५. माझी माती पहिल्या पंक्तीत बसली.

आता पेस्ट. ग्रॅफाइट पावडर, माती आणि पॅराफिन तेल. माती वीज वाहत नाही, त्यामुळे जास्त घातली तर शिसं खूप गोळा होतं पण विजेला वाट राहत नाही; कमी घातली तर गोळाच होत नाही. वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास माझं जमलं. वीस टक्क्यांवर गेलं की आणखी एक त्रास: पाण्यात ठेवल्यावर माती फुगते आणि गुळगुळीत केलेलं तोंड खरबरीत होऊन बाहेर येतं. तेलाचं प्रमाण वजनावर सोडू नये. खलात घोटताना पेस्ट बोटाला चिकटून ओढली गेली तर तेल जास्त झालं, दाबल्यावर चुरा पडला तर कमी. झालेली पेस्ट रात्रभर तशीच ठेवायची. मग एक मिलीच्या इन्सुलिनच्या सिरिंजचं पुढचं तोंड कापून त्यात ठासून भरायची, मागून तांब्याची तार घालायची. भरताना मधे हवा राहिली की वाचन नाचतं. तोंड घासायला मी बटर पेपर वापरते; गोल गोल फिरवत, चकाकी येईपर्यंत. पुढच्या मोजणीला दट्ट्या किंचित दाबून थोडी पेस्ट बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा घासायची. पाऱ्याच्या नव्या थेंबाची जागा ही. यात हाताचा फरक पडतोच. मी घासलेल्या आणि विद्यार्थिनीने घासलेल्या तोंडाच्या पीकमध्ये पहिल्या आठवड्यात एवढी तफावत होती, की सरांनी दोघींना शेजारी बसवून घासायला लावलं.

माती खरोखर काम करते का, हे बघायला दोन द्रावणं पुरतात. फेरिसायनाइडचा आयन ऋण भाराचा. मातीच्या इलेक्ट्रोडवर त्याचा प्रवाह कमी झाला. रुथेनियम हेक्साॲमिन धन भाराचा. त्याचा वाढला, आणि इलेक्ट्रोड द्रावणात ठेवून वाट बघावी तसा वाढत गेला. या रुथेनियमच्या क्षाराची किंमत बघून मामांनी ती बाटली स्वतःच्या कुलपात ठेवली.

शिसं मोजायची पद्धत अशी. नमुन्याचं पीएच ॲसिटेट बफरने पाचच्या आसपास आणायचं. त्याहून आंबट पाण्यात हायड्रोजनचे आयनच जागा अडवतात. पीएच सहाच्या वर गेलं की शिसं हायड्रॉक्साइडकडे वळतं आणि आकडे बेभरवशाचे होतात. इलेक्ट्रोड नमुन्यात बुडवून, वीज न लावता, ढवळत ठेवायचा. शिसं गोळा होऊ द्यायचं. मग तो बाहेर काढून डिस्टिल्ड पाण्याने विसळायचा आणि दुसऱ्या, स्वच्छ बफरच्या सेलमध्ये (मोजणीच्या भांड्यात) ठेवायचा. हा सेल बदलणं मला या पद्धतीतलं सर्वांत देखणं वाटतं, कारण नमुन्यातली घाण नमुन्यातच राहते, मातीने धरलेलं तेवढं पुढे येतं. तिथे उणे एक व्होल्ट लावून शिशाचं धातूत रूपांतर करायचं आणि मग व्होल्टेज वर नेत ते परत विरघळवायचं. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.५५ व्होल्टच्या आसपास शिशाचा पीक उभा राहतो. शून्याजवळ एक छोटा पीक माझ्या कोऱ्या बफरमध्येही यायचा. तो तांब्याचा. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या मातीत तांबं असायचंच. शिशापासून तो लांब असल्यामुळे राहू दिला.

काचेची भांडी दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्याशिवाय या पातळीवर काही बोलूच नये. नळाच्या पाण्याने विसळलेल्या फ्लास्कने मला बराच काळ शिसं 'सापडवून' दिलं असतं. मामांनी ॲसिडचा टब लावून दिला म्हणून वाचले.

स्वच्छ बफरमध्ये पाच मायक्रोग्रॅमचा पीक दिसला तेव्हा आम्ही चहा मागवला. मग काकांच्या बोअरचं पाणी आणलं, त्यात ओळखीचं शिसं घातलं, आणि पीक जेमतेम. कारण हिशेबातच आहे. दहा मायक्रोग्रॅम शिसं म्हणजे लिटरला ४८ नॅनोमोल. बोअरच्या पाण्याची कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ४०० मिलिग्रॅम धरली तर कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ४ मिलिमोल. म्हणजे शिशाच्या एका आयनामागे ऐंशी हजारांवर दुसरे उमेदवार त्याच जागेसाठी उभे. मातीला शिसं जास्त आवडतं, पण एवढ्या गर्दीत त्या आवडीचं फार चालत नाही. मातीचा गुण आणि तिचा दोष एकच आहे, धन भाराचं जे येईल ते ती धरते. काही जण मातीच्या थरांवर गंधक असलेले सेंद्रिय गट जोडून तिला चोखंदळ करतात. गंधकाचं शिशाशी जमतं. मी त्या वाटेला गेले नाही, कारण मग ते कॉलेजच्या लॅबमध्ये होणारं काम उरत नाही.

त्याऐवजी स्टँडर्ड ॲडिशन. त्याच नमुन्यात दहा, वीस, तीस मायक्रोग्रॅम शिसं घालत जायचं, दर वेळी पीक मोजायचा, रेघ काढायची आणि ती मागे नेऊन आडव्या अक्षाला कुठे छेदते ते बघायचं. कठीण पाण्याने पीक दबला तरी घातलेल्या शिशाचाही तेवढाच दबतो, म्हणून उत्तर टिकतं. वेळ चौपट जातो. आणि पीकच उठत नसेल तर ही युक्तीही काही करू शकत नाही. बोअरच्या पाण्यात दहाच्या मर्यादेपाशी मी आत्मविश्वासाने बोलू शकत नाही, तीस-चाळीसच्या वर असेल तर बोलू शकते. प्रबंधात तसंच लिहिलंय. एका परीक्षकांना तो आकडा आवडला नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते गणेशोत्सवानंतरच्या विसर्जनाच्या कृत्रिम हौदाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सुधारित सूचनांत मूर्तींसाठी माती आणि नैसर्गिक रंग सांगितलेले आहेत, पण बाजारात चकचकीत रंग असतातच, आणि अशा रंगांत शिसं असू शकतं. विसर्जनानंतर नमुना घेतला, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळला, मोजला. काही नाही. रेघ सपाट. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पाणी चांगलंय." मी तोच नमुना न गाळता, गढूळ असतानाच नायट्रिक ॲसिड घालून तापवला, पीएच परत पाचवर आणलं आणि मोजला. पीक स्पष्ट. बाहेरून आयसीपी-एमएसवर करून आणलेले आकडेही त्याच दिशेचे आले.

हौदात मूर्तींची माती विरघळून तरंगत होती. मी सिरिंजमध्ये जे काम मातीकडून करून घेत होते तेच तिने हौदात आधीच उरकलं होतं. शिसं पाण्यात नव्हतं, गाळाच्या कणांना धरून होतं. काकांचा प्रश्न मला तेव्हा नीट कळला.

तेव्हापासून गढूळ नमुन्याचे आम्ही दोन आकडे लिहितो, गाळलेल्याचा वेगळा आणि ॲसिडमध्ये तापवलेल्याचा वेगळा. कॉलेजची मुलं आता सिरिंजचे इलेक्ट्रोड स्वतः भरतात. यंत्र अजून विद्यापीठाचंच, कारण चांगला पोटेन्शिओस्टॅट (हवं ते व्होल्टेज लावून प्रवाह मोजणारं यंत्र) लाखांच्या घरात जातो आणि माती कितीही स्वस्त असली तरी ती रक्कम कमी होत नाही. हौदाचे आकडे आम्ही तिथल्या कर्मचाऱ्यांना दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे वरचं पाणी सोडून द्यायला हरकत नाही ना?" मी विचारलं, गाळ कुठे जातो? तो दरवर्षी ट्रॅक्टरने बागेत पसरतात म्हणे. यंदाचे नमुने बागेतून घेणार आहोत.